मामाची गाडी, 'झोन बी' आणि माझा चुकलेला सल्ला



मागच्या लेखात आपण रिसर्चचा प्रश्न कसा आखायचा ते पाहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की 'विश्लेषणाचं एकक' म्हणजे नक्की काय, आणि त्यात चूक झाली तर एवढं काय बिघडतं? पुस्तकातली व्याख्या देऊन हा विषय संपवता आला असता. पण या चुकीची किंमत माझ्या घरात एकाने रोख मोजली आहे, म्हणून तीच गोष्ट सांगते. विषय आहे कार इन्शुरन्स.

माझा मामा चिपळूणला राहतो. जून २०२१ मध्ये त्याच्या गाडीची पॉलिसी रिन्यू करायची होती. एजंटने कोटेशनमध्ये इंजिनाच्या संरक्षणाचं एक अ‍ॅड-ऑन टाकलं होतं, साधारण १,९०० रुपयांचं. मामाने फोन केला, "अगं, तू स्टॅटिस्टिक्स शिकतेस ना? हे घेऊ की नको?" मी नुकतीच एम.एस्सी. झाले होते, आणि आकडे आपल्याला कळतात अशी खात्री होती. मी पॉलिसीची कॉपी मागवली. त्यावर 'झोन बी' लिहिलेलं होतं. झोन ए म्हणजे मोठी शहरं, जोखीम जास्त. झोन बी म्हणजे बाकीचा भारत, जोखीम कमी. मी सांगितलं, "मामा, तू लो रिस्कमध्ये आहेस. सोडून दे."

मामा म्हणाला, "२००५ ला आपल्या गल्लीत पाणी आलं होतं." मी म्हटलं, "मामा, एका घटनेवरून निष्कर्ष काढायचा नसतो."

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. मामाची गल्ली थोडी उंचावर, त्यामुळे गाडी पूर्ण बुडाली नाही, पण सीटपर्यंत पाणी चढलं. पाणी ओसरल्यावर मामाने शेजाऱ्यासोबत गाडी ढकलून बाहेर काढली आणि चावी फिरवली. इंजिन जाम झालं. सर्व्हेअरने सीट, कार्पेट, वायरिंग यांचं नुकसान धरलं, पण इंजिनाचं धरलं नाही. ते अ‍ॅड-ऑन घेतलेलं नव्हतं. इंजिनाचे जवळपास ९०,००० रुपये मामाने खिशातून भरले. मला एका शब्दानेही बोलला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आज मी पावसाच्या नोंदींच्या संख्याशास्त्रावर पीएच.डी. करतेय. 'माझं एकक बरोबर आहे का?' हा प्रश्न मला दर आठवड्याला पडतो, आणि दर वेळी मामाची गाडी आठवते. तर बघूया, मी कुठे चुकले.

आधी पॉलिसीची रचना

आपल्याकडे गाडीच्या पॉलिसीचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेली इजा किंवा नुकसान. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा सक्तीचा आहे. याचे दर कंपनी ठरवत नाही, सरकार अधिसूचनेने ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० सीसीपर्यंतच्या खाजगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावरच्या गाडीला ७,८९७ रुपये. गाडी दादरला असो की गडचिरोलीला, दर तोच. म्हणजे या भागात 'जागा' हा व्हेरिएबल मुळातच नाही.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. हा ऐच्छिक आहे आणि स्थानिक परिस्थितीचा संबंध इथे येतो. याचा प्रीमियम गाडीच्या आयडीव्हीवर, म्हणजे घसारा वजा करून ठरवलेल्या किमतीवर, टक्केवारीने काढतात. २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमध्ये खाजगी गाड्यांसाठी देशाचे दोन झोन केले होते. झोन ए मध्ये अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे. झोन बी मध्ये उरलेला सगळा भारत. १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले. आता प्रत्येक कंपनी आपापल्या सवलती ठरवते आणि त्यात आरटीओ, मॉडेल, गाडीचं वय असं बरंच काही बघते. पण झोन ए आणि झोन बी ही नावं पॉलिसीच्या कागदावर अजून दिसतात.

झोनमुळे फरक पडतो तरी किती?

मी २०२१ मध्ये जे करायला हवं होतं ते आता करू. पाच वर्षांच्या आतली, १,२०० सीसीची गाडी, आयडीव्ही पाच लाख. टॅरिफचा मूळ दर झोन ए मध्ये ३.२८३ टक्के, झोन बी मध्ये ३.१९१ टक्के.

झोन ए : १६,४१५ रुपये.
झोन बी : १५,९५५ रुपये.
फरक : ४६० रुपये.

बास, एवढाच. आता याच्या शेजारी नो क्लेम बोनस ठेवून बघा. एक वर्ष क्लेम केला नाही तर ओन डॅमेजवर २० टक्के सवलत, मग वाढत वाढत २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. यातली पहिली पायरीच झोन बी मध्ये ३,१९१ रुपयांची होते, म्हणजे झोनच्या फरकाच्या जवळपास सातपट.

तर पहिला धडा : कोष्टकात एखादा व्हेरिएबल दिसतो म्हणून तो महत्त्वाचा असतोच असं नाही. त्याच्या परिणामाचा आकार काढून बघा. 'झोन ए जास्त, झोन बी कमी' हे वाक्य खरं आहे, पण ४६० रुपयांइतकंच खरं आहे. मी त्यावर ९०,००० रुपयांचा निर्णय उभा केला.

कशाची जोखीम?

माझी दुसरी चूक याहून मोठी. झोनचा दर म्हणजे पुराची जोखीम नव्हे. त्यात ट्रॅफिकमधल्या धडका, चोरी, गॅरेजची मजुरी, सुट्या भागांचा खर्च, पूर, आग असं सगळं एकत्र येतं. मोठ्या शहरात धडका आणि दुरुस्तीचा खर्च जास्त असेल, तर त्याखाली एखाद्या छोट्या गावाचा पूर झाकला जातो. मामाचा प्रश्न होता 'पाण्याने इंजिन जाईल का?' आणि मी उत्तर दिलं 'सरासरी सगळ्या नुकसानीचा खर्च किती?' या प्रश्नाचं.

मुळात जागेचा खरा परिणाम प्रीमियममध्ये फार दिसतच नाही. तो दिसतो कोणतं कव्हर हवं या निवडीत. आपल्याच राज्यातली उदाहरणं घ्या.

दरड : घाटात राहणाऱ्याला भीती दरडीची. दरड कोसळून झालेलं नुकसान ओन डॅमेजच्या मूळ पॉलिसीतच धरलेलं असतं. वेगळं काही घ्यावं लागत नाही, पण नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर काहीच मिळत नाही.

गारपीट : मराठवाडा-विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडतात. २०१४ ची गारपीट अनेकांना आठवत असेल. हेही मूळ पॉलिसीत आहे. काचेवर घसारा कापत नाहीत, पण प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात. बंपर बदलला तर निम्मे पैसे आपले. म्हणून लोक झिरो डेप घेतात.

खड्डे : फक्त टायर फुटला आणि बाकी गाडीला काही झालं नाही, तर मूळ पॉलिसीत टायरचे पैसे मिळत नाहीत. गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळतात.

खारी हवा : किनाऱ्यावर पत्रा गंजतो. ही झीज समजली जाते आणि झीज पॉलिसीच्या बाहेर आहे.

पूर : पूर मूळ पॉलिसीत आहे, पण 'परिणामी नुकसान' बाहेर आहे. इंजिनात पाणी असताना गाडी सुरू केली की पिस्टन त्या पाण्याला दाबायला जातो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. कंपनीचं म्हणणं असतं, की हे नुकसान पुराने थेट केलेलं नाही, चावी फिरवल्यामुळे झालं. म्हणून इंजिनाचं वेगळं अ‍ॅड-ऑन असतं.

बघा, पाचही ठिकाणी झोन बी असू शकतो, प्रीमियमही जवळपास सारखा असू शकतो, पण घ्यायचं कव्हर प्रत्येक ठिकाणी वेगळं.

एकक बदललं की चित्र बदलतं

आता मूळ मुद्द्यावर येऊ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर. दोन्ही मुंबईत, मधलं अंतर सरळ रेषेत साधारण पंचवीस किलोमीटर, आणि दोन्ही झोन ए. 'मुंबईत त्या दिवशी सरासरी किती पाऊस झाला?' याचं उत्तर काढता येईल, पण ते उत्तर सांताक्रूझच्या गाडीवाल्याला उपयोगाचं नाही आणि कुलाब्याच्याही नाही.

गटाच्या सरासरीवरून गटातल्या एकाबद्दल निष्कर्ष काढणं, या चुकीला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात. यावरचा गाजलेला पेपर डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांचा, १९५० चा. त्यांनी अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेतले आकडे घेतले. राज्य हे एकक धरलं, तर जिथे परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त तिथे निरक्षरता कमी दिसली, सहसंबंध सुमारे उणे ०.५३. पण व्यक्ती हे एकक धरलं, तर चिन्हच उलटलं, सुमारे अधिक ०.१२. कारण परदेशातून आलेले लोक मुळात जास्त साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. डेटा एकच, एकक वेगळं, उत्तर उलटं.

मी हेच केलं. 'झोन बीची सरासरी कमी' यावरून 'मामाच्या गल्लीतली जोखीम कमी' असं ठरवलं.

मग झोन लहान करायचे का? तालुका? वॉर्ड? गल्ली? इथे दुसरी अडचण येते. सीमा कुठे आखता आणि तुकडे किती मोठे करता यावर निकाल बदलतो. भूगोलात याला मॉडिफायेबल एरियल युनिट प्रॉब्लेम म्हणतात आणि स्टॅन ओपनशॉ यांची १९८४ ची पुस्तिका त्यावर नेहमी वाचायला सांगतात. चिपळूणचंच बघा. एमएच-०८ म्हणजे रत्नागिरी आरटीओ. चिपळूणची बाजारपेठ एमएच-०८ मध्ये आणि वर परशुरामच्या डोंगरावरचं घरही एमएच-०८ मध्येच. एका ठिकाणी पूर येतो, दुसऱ्या ठिकाणी येऊच शकत नाही, तिथे आली तर दरड येईल. आरटीओ हे एकक इथे झोनपेक्षा बारीक आहे, पण पुराच्या प्रश्नासाठी तेही जाडजूडच.

आणि एकक फार बारीक केलं की डेटाच उरत नाही. एका गल्लीत दहा गाड्या. त्यातल्या दोघांनी क्लेम केला तर गल्लीचा क्लेम दर २० टक्के म्हणायचा? यावर विमागणितात एक सुंदर उपाय आहे, विश्वासार्हता सिद्धांत. हान्स ब्यूलमन यांचा १९६७ चा पेपर त्याचा पाया मानला जातो. कल्पना सोपी : स्थानिक सरासरी आणि एकूण सरासरी यांचं मिश्रण घ्या. स्थानिक आकड्याला वजन द्यायचं n भागिले (n + k). n म्हणजे स्थानिक नोंदींची संख्या. k मोजतो की एका जागेच्या आतली चढउतार, दोन जागांमधल्या फरकाच्या तुलनेत किती मोठी आहे. समजा k १,००० आला. ५० नोंदी असलेल्या गावाच्या आकड्याला वजन मिळेल फक्त ५ टक्के, ९,००० नोंदी असलेल्या शहराच्या आकड्याला ९० टक्के. तुमच्यापैकी ज्यांनी मिक्स्ड मॉडेल्स किंवा बेझियन श्रिंकेज शिकलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. तीच गोष्ट आहे.

एकक किती बारीक करायचं हा फक्त गणिताचा प्रश्न नाही, न्यायाचाही आहे. कॅलिफोर्नियात १९८८ साली मतदारांनी प्रपोझिशन १०३ मंजूर केलं. त्यानुसार गाडीच्या प्रीमियममध्ये सगळ्यात जास्त वजन तीन गोष्टींना द्यायचं : गाडी चालवण्याचा रेकॉर्ड, वर्षाला किती मैल गाडी चालते, आणि किती वर्षांचा अनुभव. बाकीचे घटक, ज्यात तुम्ही कुठे राहता हेही आलं, त्यानंतर. विचार असा, की माणसाने गाडी नीट चालवावी हे त्याच्या हातात आहे, गरीब वस्तीत राहणं नाही. आपल्याकडेही उद्या कोणी गल्लीनिहाय पूर-दर लावले, तर बाजारपेठेतल्या लोकांना विमा परवडेल का, हा प्रश्न येणारच. सगळ्यांनी थोडं थोडं भरून ज्याचं बुडालं त्याला सावरायचं, हाही विम्याचाच अर्थ आहे.

पुण्यात चालणारी एमएच-०९

मी कोल्हापूरची. बाबांची जुनी गाडी मी पुण्यात वापरते. नंबर प्लेट एमएच-०९. टॅरिफनुसार झोन ठरतो तो गाडी कुठे नोंदली आहे त्यावरून. म्हणजे माझी गाडी रोज पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये घासली जाते, पण कागदावर ती झोन बी मध्ये, कोल्हापुरात.

आता समजा तुम्ही आरटीओनिहाय क्लेमचा डेटा घेऊन 'शहरांतल्या वाहतुकीचा अपघातांवर परिणाम' असा पेपर लिहायला बसलात. माझा पुण्यातला अपघात तुमच्या डेटात कोल्हापूरच्या खात्यात जाईल. तुम्हाला मोजायचं होतं 'गाडी कुठे चालते' आणि तुम्ही मोजलं 'गाडी कुठे नोंदली'. पहिली आपली संकल्पना, दुसरा तिचा प्रॉक्सी. प्रॉक्सी वापरणं चूक नाही, बऱ्याचदा दुसरा पर्यायच नसतो. पण दोन्हींत अंतर कुठे आणि कोणत्या दिशेला पडतं, हे थिसिसमध्ये लिहावं लागतं. इथे अंतर एकाच दिशेला पडतं. शिकायला, नोकरीला माणसं लहान गावातून मोठ्या शहरात गाडी घेऊन जातात, उलटं कमी. म्हणजे ही चूक वर-खाली होऊन आपोआप नाहीशी होणार नाही.

न आलेले क्लेम

अजून एक सापळा. मामाची गाडी जून २०१८ ची. २०२१ मध्ये त्याला ३५ टक्के नो क्लेम बोनस मिळाला होता. समजा त्या वर्षी पार्किंगमध्ये बंपर तुटला असता आणि खर्च ६,००० रुपये आला असता. क्लेम केला तर पुढच्या वर्षीचा ४५ टक्के बोनस जाणार. वरच्याच उदाहरणातली पाच लाखांची आयडीव्ही धरली तर ते होतात सात हजारांच्या आसपास. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे १,००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात, आणि बंपर प्लास्टिकचा म्हणून घसारा आहेच. मामा क्लेम करेल? अजिबात नाही. गॅरेजवाल्याला रोख देऊन मोकळा होईल.

म्हणजे क्लेमच्या डेटात लहान नुकसानं गायब असतात. आणि ती सरसकट गायब नसतात. ज्यांचा बोनस मोठा, म्हणजे जे अनेक वर्षं क्लेम न करता राहिलेत, त्यांची जास्त गायब असतात. 'क्लेम नाही' म्हणजे 'नुकसान नाही' असं वाचलंत, तर हे लोक आहेत त्यापेक्षा जास्त सुरक्षित वाटतील. तुमच्या विषयात क्लेमच्या जागी दुसरं काही असेल : दवाखान्यातली नोंद, पोलीस तक्रार, सर्व्हेचा भरलेला फॉर्म. प्रत्येक वेळी विचारा, की घटना घडली पण नोंद झाली नाही असं कोणाच्या बाबतीत होतं?

कव्हर कोण घेतं?

अर्थशास्त्रात एक प्रसिद्ध मांडणी आहे. आपली जोखीम जास्त आहे हे ज्याला माहीत असतं तो मोठं कव्हर घेतो. कंपनीला ते कळत नाही आणि ती अडचणीत येते. रॉथशिल्ड आणि स्टिग्लिट्झ यांचा १९७६ चा पेपर यावरच आहे. ऐकायला अगदी पटतं. पूर येणाऱ्या गल्लीतलेच इंजिनाचं कव्हर घेणार, नाही का?

पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. शियापोरी आणि सालानिए यांनी २००० साली फ्रान्समधल्या नव्या, तरुण ड्रायव्हर्सच्या कार इन्शुरन्सच्या डेटावर हे तपासलं. तर्क असा : कंपनीला माहीत असलेल्या सगळ्या गोष्टी सारख्या धरल्यावरही जास्त कव्हर घेणाऱ्यांचे अपघात जास्त दिसले, तर लपलेल्या माहितीचा पुरावा मिळतो. त्यांना असा संबंध सापडला नाही. याचा अर्थ तो कुठेच नसतो असं नाही. अर्थ एवढाच, की प्रत्येक बाजारात तो तपासावा लागतो.

आपल्याकडे तर निवड कोण करतं हाच प्रश्न आहे. नवी गाडी कर्जावर असेल तर फुल पॉलिसी बँकेला हवी असते. अ‍ॅड-ऑन कोणते टाकायचे हे बऱ्याचदा शोरूममधला माणूस ठरवतो. मामाच्या बाबतीत मी ठरवलं. पुराची जास्तीत जास्त माहिती ज्याच्याकडे होती त्याने कव्हर घेतलं नाही, कारण शिकलेल्या भाचीने नको म्हणून सांगितलं. कोणत्याही मॉडेलमध्ये हा मामा 'कमी जोखमीचा ग्राहक' म्हणूनच दिसला असता.

मग उत्तर काय द्यायला हवं होतं?

'पुराची शक्यता किती?' हे मला तेव्हा अचूक सांगता आलं नसतं, आजही येणार नाही. पण त्याची गरजच नव्हती. प्रश्न उलटा करायचा. अ‍ॅड-ऑन १,९०० रुपये, इंजिन गेलं तर खर्च ९०,०००. भागाकार करा : सुमारे २.१ टक्के. म्हणजे गाडीच्या इंजिनात पाणी जाण्याची घटना साधारण ४७ वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा होणार असेल, तर नुसत्या सरासरीच्या हिशेबानेही कव्हर परवडतं. आणि ज्याला एकदम ९०,००० काढणं जड आहे, त्याला याहून कमी शक्यतेलाही परवडेल.

आता मामाचं वाक्य पुन्हा ऐका. "२००५ ला आपल्या गल्लीत पाणी आलं होतं." फोन केला तेव्हा त्या पुराला सोळा वर्षं झाली होती. एका घटनेवरून नेमका दर काढता येत नाही, हे माझं म्हणणं बरोबर होतं. पण सोळा वर्षांत एकदा गल्लीत पाणी आलंय, आणि उंबरठा आहे ४७ वर्षांतून एकदाचा. दरवेळी पाणी इंजिनापर्यंत चढेलच असं नाही, ही सूट दिली तरी हे अ‍ॅड-ऑन हसण्यावारी नेण्यासारखं नक्कीच नव्हतं. तीच भाची परशुरामच्या डोंगरावर राहणाऱ्या मामाच्या मित्राला मात्र खुशाल सांगू शकली असती, की तुम्हाला हे नको.

मामाकडे गल्लीच्या पातळीवरची, अगदी योग्य एककाची नोंद होती. माझ्याकडे देशाच्या पातळीवरचा शिक्का होता. मी त्याची नोंद 'किस्सा' म्हणून बाजूला सारली आणि माझ्या शिक्क्याला 'डेटा' म्हटलं. २०१९ चा पंचगंगेचा पूर मी स्वतः घरून पाहिला होता आणि कोल्हापूरही झोन बी मध्येच आहे, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

तुमच्या प्रपोजलसाठी

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा हे पाच प्रश्न शेजारी ठेवा.

१. माझा प्रश्न कोणत्या एककाबद्दल आहे आणि माझा डेटा कोणत्या एककाचा आहे? दोन्ही एकच आहेत का?

२. मी जे मोजतोय ते नक्की कशाचं माप आहे? त्यात आणखी काय काय मिसळलंय?

३. प्रॉक्सी वापरत असेन तर चूक कोणत्या दिशेला जाईल?

४. घडलं पण नोंदलं गेलं नाही, असं कोणाचं?

५. निर्णयासाठी मला अचूक आकडा हवा आहे, की फक्त उंबरठ्याच्या वर की खाली एवढंच पुरेसं आहे?

सराव म्हणून घरातल्या गाडीची पॉलिसी काढा. झोन कोणता, नोंदणी कुठली, गाडी प्रत्यक्षात चालते कुठे, कोणते अ‍ॅड-ऑन आहेत आणि ते कोणी निवडले, हे एका कागदावर लिहा. मग आई-बाबांना विचारा, की आपल्या घराजवळ गाडीचं नुकसान होण्यासारखं गेल्या वीस-तीस वर्षांत काय काय घडलं. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

आणि मामाचं काय झालं? २०२२ च्या रिन्यूअलला त्याने इंजिनाचं कव्हर घेतलं. मला विचारलं नाही, फक्त कळवलं. आता गाडी जुनी झालीय, आणि जुन्या गाड्यांना हे कव्हर सगळ्या कंपन्या देत नाहीत. पण त्याने आणखी एक व्यवस्था केलीय. जोराच्या पावसाचा इशारा आला, की संध्याकाळीच तो गाडी परशुरामला मित्राच्या अंगणात नेऊन लावतो आणि एसटीने खाली येतो. विमा उतरवला म्हणून माणूस निष्काळजी होतो असं एक गृहीतक आहे, पण कव्हर असतानाही मामा हेच करत होता. मी एकदा विचारलं, "मामा, तिकडे दरड आली तर?" तो म्हणाला, "ती मूळ पॉलिसीत आहे. मी वाचलंय."

पुढच्या लेखात गहाळ डेटाबद्दल सविस्तर बोलू. तोवर तुमच्या विषयातलं एकक कोणतं, ते नक्की लिहून कळवा.